शिंपल्याला नदीचं विचारताना

सेनगाव तालुक्यातलं साखरा हे माझं माहेर. प्राणिशास्त्र शिकवायला लागले तेव्हापासून सुट्टीत गावी गेलं की ओढ्याला आणि नदीला जाणं ठरलेलंच. आमच्या तालुक्यातलं पावसाचं पाणी मुख्यतः दोन वाटांनी निघून जातं, काही कयाधूला आणि काही पूर्णेला. कयाधू नर्सी नामदेववरून, हिंगोलीवरून पुढं जाऊन पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता गोदावरीला. पूर्णा येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणं भरून परभणी जिल्ह्यात गोदावरीलाच जाते. म्हणजे आमच्या शेतातून निघालेलं पाणी कुठल्याही वाटेनं गेलं तरी पोचतं गोदावरीतच. त्या पाण्यासोबत शिसं, कॅडमियम, पारा, तांबं, जस्त असं काय काय आणि किती जातं, हे नदीतल्या शिंपल्यांवरून ओळखता येतं. ही पद्धत मी विद्यार्थ्यांना शिकवते, स्वतः वापरते. ती वापरताना जे उमगत गेलं ते इथं मांडते आहे.

१. बाटलीतलं पाणी फक्त त्या घडीचं असतं

नदीचं पाणी तपासायचं म्हटलं की लोक बाटली भरून आणतात. त्यात गैर काही नाही, पण धातू नदीत रोज सारखे येत नाहीत. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात शेतातली वरची माती वाहून येते तेव्हा येतात, गावाच्या नालीतला वर्षभराचा गाळ एका लोंढ्यात सुटतो तेव्हा येतात, विसर्जनानंतर मूर्तींचा रंग सुटतो तेव्हा येतात. चार दिवसांनी बाटली भरली तर पाणी नितळ आणि अहवाल स्वच्छ. सेनगावच्या बाजाराचा अंदाज घ्यायला बाजाराचा वार सोडून जावं, तसं ते होतं.

दुसरी अडचण मोजणीची. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची २०१२ ची जी मर्यादा आहे ती शिशासाठी लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमसाठी ०.००३ आणि पाऱ्यासाठी ०.००१ मिलिग्रॅम. इतकं थोडं मोजायचं तर बाटली आधी आम्लानं धुतलेली पाहिजे. पाणी भरल्यावर त्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घातले पाहिजेत, नाही तर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतो आणि यंत्रापर्यंत पोचतच नाही. शिंपला हेच धातू महिनोन् महिने अंगात साठवत राहतो. पाण्याच्या मानानं त्याच्या मांसात ते हजारो पट दाट होतात, त्यामुळं तालुक्याच्या कॉलेजला परवडेल अशा मोजणीतही पकडीत येतात.

हा विचार जुना आहे. अमेरिकेतले सागरशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली किनाऱ्यावरच्या शिंपल्यांवरून जगभरच्या समुद्राच्या प्रदूषणावर लक्ष ठेवावं असं सुचवलं. त्यातून उभी राहिलेली 'मसल वॉच' ही मोहीम त्यांच्या देशात अजून चालू आहे. तिथं समुद्र होता, आपल्याकडं ओढे आणि डोह आहेत. तत्त्व एकच.

२. आधी शिंपला जेवताना पाहावा

विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी यंत्र दाखवत नाही. काचेच्या पेटीत बोटभर वाळू, वर नदीचंच पाणी आणि त्यात एक शिंपला ठेवते. मग गप्प बसायचं. सावली हलली तरी तो मिटतो, म्हणून बसण्यात शिस्त लागते. बऱ्याच वेळानं दोन कवचांमध्ये केसाएवढी फट पडते. पुढून पांढुरका, मांसल पाय जिभेसारखा बाहेर येतो, वाळूत रुततो आणि अख्खा शिंपला तिरका होऊन अर्धा खाली जातो. मागची कड वर राहते. तिथं दोन भोकं उघडतात. खालच्या भोकाच्या कडेला बारीक झालर असते, वरचं साधं. शेवाळाचं हिरवं पाणी पिपेटनं त्या झालरीजवळ अलगद सोडलं की हिरवी रेघ सरळ आत ओढली जाते आणि वरच्या भोकातून नितळ पाणी बाहेर पडतं. तो क्षण पाहताना पोरांचे चेहरे बदलतात. त्यानंतर कल्ले, पचनग्रंथी, प्रावार ही नावं पाठ करून घ्यावी लागत नाहीत.

चांगल्या वाढलेल्या शिंपल्याकडून तासाला अर्धा-एक लिटर पाणी असं गाळलं जातं. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म लोमांच्या हालचालीनं पाणी ओढलं जातं, कण अडवले जातात, कामाचे तोंडाकडं आणि बिनकामाचे चिकटात गुंडाळून बाहेर. धातू दोन रस्त्यांनी आत शिरतात. पाण्यात विरघळलेले कल्ल्यांमधून, आणि गाळाच्या, शेवाळाच्या कणांना चिकटलेले पोटातून. शिंपल्याला कवचासाठी कॅल्शियम सतत लागतं, आणि शिसं व कॅडमियम त्या कॅल्शियमच्याच वाटेनं घुसतात. आत गेल्यावर त्यांना बांधून ठेवायला मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिनं असतात. बांधलेला धातू लवकर अपाय करत नाही, पण लवकर बाहेरही पडत नाही. शिंपला जागा फारशी सोडत नाही आणि वर्षानुवर्षं जगतो. मासा आज इथं, उद्या दोन कोस खाली; त्याच्या अंगातला धातू कुठला ते सांगता येत नाही. शिंपल्याचं सांगता येतं.

३. जात ओळखल्याशिवाय आकडा लिहू नये

गावात सगळ्याच शिंपा. अभ्यासात तसं चालत नाही. आपल्याकडं तळहात भरेल असा, बाहेरून काळपट तपकिरी आणि आतून मोत्याच्या झळाळीचा सापडतो तो लॅमेलिडेन्स. त्याहून लहान, फुगीर, बिजागरीजवळ सुरकुत्या असलेला पॅरेसिया. आणि वाळूत सापडणारा, पिवळसर, तिकोनी, अंगावर एकावर एक वळ्या असलेला बोटाच्या पेराएवढा तो कॉर्बिक्युला.

मराठवाड्यानं या विषयात केलेलं काम मोठं आहे आणि त्याची चर्चा मराठीत फारच कमी होते, याची मला खंत वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. उ. ह. माने यांच्या पिढीपासून गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवर संशोधन होत आलं आहे. पैठणच्या गोदावरीतून, नाथसागरातून आणलेल्या शिंपल्यांवर कीटकनाशकांचा आणि धातूंचा काय परिणाम होतो, यावर कितीतरी प्रबंध झाले. २०१२ साली भालचंद्र वायकर आणि देशमुख यांचा एक निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्यात पॅरेसियाच्या दोन जाती, सिलिंड्रिका आणि कॉरुगाटा, आणि कॉर्बिक्युला स्ट्रिआटेला यांना आर्सेनिक, कॅडमियम, तांबं, पारा, शिसं आणि जस्त या सहा धातूंच्या पाण्यात वेगवेगळं ३० दिवसांपर्यंत ठेवलं होतं. जस्त, शिसं आणि तांबं सगळ्यात जास्त साठवलं कॉर्बिक्युलानं. पारा आणि आर्सेनिक पॅरेसिया कॉरुगाटानं. कॅडमियम पॅरेसिया सिलिंड्रिकानं.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. वरच्या गावातून कॉर्बिक्युला आणला, खालच्या गावातून पॅरेसिया आणला आणि शिशाचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर जो फरक दिसेल तो नदीचा असेलच असं नाही. तो जातीचाही असू शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक नमुन्याचं एक कवच धुऊन, वाळवून, त्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवतो. पुढं शंका आली तर जाणकाराला दाखवता येतं.

४. लांबी, वजन आणि महिना

लहान शिंपल्याचं अंग झपाट्यानं वाढतं, त्यामुळं धातू आत येत असला तरी वाढत्या मांसात पातळ होतो. म्हाताऱ्याची वाढ थांबलेली, साठा मात्र चालू. अंडी आणि शुक्राणू सुटण्याच्या काळात वजन एकदम उतरतं आणि तेवढाच धातू कमी मांसात मोजला गेल्यानं आकडा चढलेला दिसतो. म्हणून एका लांबीचे शिंपले एका महिन्यात घ्यायचे आणि दर वर्षी तोच महिना धरायचा. लांबी मोजायचा कॅलिपर महाग नसतो. तो प्रत्येकाच्या पिशवीत असावा.

५. डोह भोयांना माहीत असतो

पुस्तकात शिंपल्यांचा अधिवास लिहिलेला असतो. कुठल्या वळणावर, कुठल्या बाभळीखाली, किती खोल, हे लिहिलेलं नसतं. ते ज्यांचं आयुष्य पाण्यात गेलं त्यांनाच माहीत. माझ्या ओळखीचे एक वयस्कर भोई काका आहेत. काठावरून वाकून पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ते म्हणाले, "पोरांनो, वरून काय पाहता? जिथं गाळ घोट्याएवढा अन् खाली वाळू लागती, तिथं पायानं चाचपा. टोक लागलं की पाय दाबू नका, हात घाला." पाण्यात उतरून, अनवाणी, पाय न उचलता सरकत जायचं. गाळात बाकी सगळं मऊ असतं आणि शिंपल्याची कड तेवढी तळव्याला टोचते. शोधायची याहून चांगली पद्धत मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही. त्यांनीच हेही सांगितलं, "उन्हाळ्यात पाणी आटलं की त्या खाली जातेत गाळात. मेल्या असं वाटतं, पण मेलेल्या नसतेत."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. आमच्याकडचे ओढे दिवाळीनंतर ओसरतात आणि होळीनंतर बऱ्याच ठिकाणी कोरडे पडतात. लॅमेलिडेन्ससारखे शिंपले ओलसर गाळात खोल जाऊन कवच घट्ट मिटून पडून राहतात, पाऊस येईपर्यंत. मिटलेला शिंपला पाणी गाळत नाही, म्हणजे त्या काळात नवा धातू पाण्यातून घेत नाही. अंगातली चरबी आणि साखर मात्र जाळतो, वजन घटतं, आणि आधीचा धातू दाट झालेला दिसतो. वैशाखातला चढा आकडा पाहून नदी बिघडली म्हणायची घाई करणाऱ्यानं काकांचं हे वाक्य आधी ऐकलेलं बरं.

अभ्यासाला गेलेल्या माणसांनी भोयांकडून वाट विचारून घ्यावी आणि त्यांचा उल्लेखही करू नये, ही पद्धत मला पटत नाही. माहिती त्यांची असेल तर तसं वहीत लिहावं, आणि निष्कर्ष आला की सगळ्यात आधी त्यांना सांगावा. त्या पाण्यावर त्यांचं पोट आहे.

६. काळ्या पाषाणाचा वाटा वेगळा काढावा

साखऱ्याच्या पोरांनी एकदा मला विचारलं होतं, "मॅडम, इथं तर सगळी शेती. मग धातू येणार कुठून?" प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचं उत्तर खालून सुरू होतं. आपण बसाल्टवर राहतो. दख्खनच्या या काळ्या पाषाणात लोह आणि मँगनीज भरपूर असतं, शिवाय तांबं, जस्त, क्रोमियम, निकेलही असतं. त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी माती झाली. तेव्हा आमच्या शिंपल्यात थोडं तांबं सापडणारच. युरोपातल्या चुनखडीच्या नदीचा आकडा घेऊन त्याच्याशी तुलना करणं व्यर्थ आहे. मँगनीजचं तर आणखी वेगळं. गोड्या पाण्यातले शिंपले कल्ल्यांमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण साठवून ठेवतात आणि त्यात मँगनीज, लोह आपसूक गोळा होतं. मँगनीजचा मोठा आकडा पाहून कुणी घाबरून जाऊ नये.

यावर माणसाची भर कुठून पडते? हळदीला करपा आणि कंदकुज येऊ नये म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी होते, आळवणी होते. ते तांबं आहे. जस्ताची कमतरता म्हणून झिंक सल्फेट टाकतो. फॉस्फेटच्या खतांचा मूळ खडक जसा असेल तसं त्यातून कमी-जास्त कॅडमियम येतं. भंगारात फोडलेल्या बॅटऱ्यांचं शिसं, गॅरेजचं ओघळलेलं तेल, मूर्तींच्या भडक रंगांतलं शिसं आणि क्रोमियम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्ती विसर्जनाबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२० मध्ये त्या सुधारल्या. पेट्रोलमधलं शिसं देशभरात २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत बसलेलं शिसं कुठं जात नाही. पावसासोबत ते ओढ्याकडं सरकत राहतं.

या सगळ्यातून खडकाचा वाटा वजा करायचा तर गावाच्या वरचा नमुना आणि खालचा नमुना, दोन्ही हवेत. त्याच ठिकाणचा गाळही हवा, बारीक चाळणीतून गाळलेला, कारण धातू धरून ठेवतो तो बारीक गाळ, वाळू नाही. शेतीचा भाग म्हणून इथं मोजायची गरज नाही असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मोजायला हीच जागा हवी. उद्या एखादा कारखाना आला आणि पाणी बिघडल्याची तक्रार झाली, तर पहिला प्रश्न येतो, "आधी कसं होतं?" त्याचं उत्तर आजच्या वहीत नसेल तर ते नंतर कुठूनही आणता येत नाही.

७. पोट रिकामं झाल्याशिवाय मोजणी नाही

नदीतून काढलेल्या शिंपल्याच्या पोटात गाळ असतो. तो तसाच वितळवला तर आपण मांसातला धातू मोजत नाही, गाळातला मोजतो. म्हणून एक-दोन दिवस स्वच्छ, धातूविरहित पाण्यात ठेवायचं आणि ते पाणी बदलत राहायचं. उघडायला लोखंडी सुरी वापरायची नाही. प्लॅस्टिकची पट्टी किंवा काचेची कड चालते. स्नायू कापला की कवच आपोआप सैल पडतं. मांस साधारण ६० अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचं, खलात कुटायचं, नायट्रिक आम्लात विरघळवायचं, मग अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनच्या यंत्रावर. पाऱ्याचा नमुना मात्र असा तापवून वाळवायचा नाही, तो उडून जातो. पारा ओल्या मांसातून, वेगळ्या पद्धतीनं काढतात. आणि प्रत्येक खेपेला एक नळी मांसाशिवाय, नुसत्या आम्लाची. त्या रिकाम्या नळीत शिसं दिसलं तर ते आपल्या आम्लाचं किंवा भांड्याचं आहे, नदीचं नाही.

अहवालात ओल्या वजनावर की कोरड्या वजनावर, हे लिहिलंच पाहिजे. शिंपल्याचं मांस बहुतांश पाणीच असतं. कोरड्या वजनावरचा आकडा ओल्या वजनाच्या मर्यादेशी ताडून पाहिला, की नसलेलं संकट उभं राहतं.

८. शिंपले नसतील तिथं जाळीत न्यावेत

शहराच्या नालीखाली बऱ्याचदा शिंपलाच नसतो. तिथं स्वच्छ डोहातले, एका मापाचे शिंपले प्लॅस्टिकच्या जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडतात. पिशवी दोरीनं झाडाला किंवा खुंटीला बांधायची, तळाला टेकेल अशी, पण गाळात बुडणार नाही अशी. चार-सहा आठवड्यांनी काढून, आधीच वेगळे ठेवलेले आणि नदीत राहिलेले यांची तुलना करायची. सुरुवात माहीत, मुक्काम माहीत, काळ माहीत. आकड्यावर यापेक्षा जास्त भरवसा ठेवता येईल अशी सोय नदीवर दुसरी नाही.

हल्ली शेततळ्यात मोत्यांची शेती करणारे भेटतात, त्यांच्याकडंही लॅमेलिडेन्सच असतो. ते शिंपले घ्यावेत का, असं विद्यार्थी विचारतात. कुठल्या पाण्यातून आले ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल तर घेऊ नयेत. सुरुवातच माहीत नसलेल्या शिंपल्यानं तुलना होत नाही. शिवाय दुसऱ्या खोऱ्यातला जीव आणून आपल्या ओढ्यात सोडणं मला योग्य वाटत नाही.

पोलंडमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रीतीनं वापरतात. वॉर्सा शहराला पाणी पुरवणाऱ्या, विस्तुला नदीतल्या 'ग्रुबा काश्का' या केंद्रावर आठ शिंपले पाण्याच्या प्रवाहात ठेवलेले असतात. त्यांच्या कवचांना संवेदक जोडलेले आणि ते संगणकाला. पाण्यात विषारी काही आलं की शिंपले मिटतात. बरेच एकदम मिटले तर धोक्याची सूचना जाते. काही महिन्यांनी त्यांना निवृत्त करून पुन्हा जलाशयात सोडतात. तिथं तपासतात ते मिटणं, आणि आम्ही तपासतो साठा. तातडीच्या विषाला पहिलं, हळूहळू मुरणाऱ्या धातूला दुसरं. पण एका राजधानीचं पाणी शिंपल्यांच्या भरवशावर राखलं जातं, हे वर्गात सांगितलं की पोरं आपल्या ओढ्यातल्या शिंपल्याकडं आदरानं पाहायला लागतात. मला ते फार मोलाचं वाटतं.

९. रिकामा डोह हीही नोंद आहे

हे लिहिताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो. पूर्वी जिथं पाय टाकला की शिंपला लागायचा तिथं आता चाचपून चाचपून पाय बधिर होतात. वाळूत जुनी पांढरी कवचं निघतात, जिवंत निघत नाही. त्याला धातूच जबाबदार असं म्हणायचा मोह होतो. तसं म्हणू नये. लॅमेलिडेन्स आणि पॅरेसियाची पिल्लं जन्मल्यावर माशांच्या कल्ल्यांना, परांना चिकटून काही काळ काढतात. मासा नाही तर पिल्लू नाही. वाळू उपसली की राहायची जागाच गेली. डोह भरून आला, ओढा सरळ करून खणला, वर्षभराचं पाणी चार महिन्यांवर आलं, की शिंपला संपतो. म्हातारे शिंपले काही वर्षं तग धरतात, त्यामुळं वरवर सगळं ठीक वाटतं. मी विद्यार्थ्यांना सांगते, मोठा सापडला म्हणून खूश होऊ नका, बारका शोधा. बारके नसतील तर त्या डोहात बरीच वर्षं नवा जन्म नाही.

म्हणून आमच्या वहीत धातूच्या रकान्याच्या आधी तीन रकाने असतात: जिवंत किती, रिकामी कवचं किती, सगळ्यात लहानाची लांबी किती. याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. शाळेची पोरं हे करू शकतात. आणि मोजून झालं की तपासणीपुरते ठेवून बाकीचे होते तिथंच, होते तसे, मागची कड वर करून परत रोवायचे. जिथं मोजकेच उरलेत तिथून एकही न्यायचा नाही. नदीचा अभ्यास करायचा म्हणून नदीतले शेवटचे शिंपले मारायचे, हे मला मान्य नाही. अशा ठिकाणी रिकाम्या कवचावर काम भागवता येतं. कवचात थरावर थर चढतात आणि प्रत्येक थरात त्या त्या काळाचा थोडा धातू अडकलेला असतो.

१०. उकळून धातू जात नाही

काही घरांत शिंपले खातात. जंतू उकळल्यानं मरतात, शिसं आणि कॅडमियम तसंच राहतं. जपानच्या मिनामाता उपसागराकाठी १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा आजार पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदला गेला. तिथल्या लोकांनी खाल्लेली मासळी आणि शिंपले ताजे होते, आणि शिजवल्यानं त्यातला पारा गेला नव्हता. नालीखालचे, विसर्जनाच्या जागेचे, भंगाराच्या दुकानाजवळचे शिंपले खाऊ नयेत, एवढं सांगायला अहवालाची वाट पाहायची गरज नाही.

११. गावाला सांगताना

आकडा हातात आला की तो कुणाला आणि कसा सांगायचा, यावर मी पुष्कळ विचार करते. अर्धवट सांगितलेल्या आकड्यानं भोयाची मासळी बाजारात पडून राहते, हळदीच्या शेतकऱ्याला विनाकारण बोल लागतो. आणि आकडा दडवला तर ज्यांची गुरं ते पाणी पितात त्यांच्याशी ती लबाडी होते. मी तीन गोष्टी एकत्र सांगते: वर किती, खाली किती, मागच्या वर्षी याच महिन्यात किती. नुसता एक आकडा कधीच सांगत नाही. शंका असेल तर पुन्हा नमुना घेते आणि लोकांना तसं स्पष्ट सांगते. ग्रामसभेत बायका मागं बसलेल्या असतात, प्रश्न मात्र नेमके त्यांचेच असतात. कपडे धुतले तर चालतील का? बोअरच्या पाण्यात हे उतरतं का? शेळी पिते त्याचं काय? या प्रश्नांची उत्तरं शिंपल्यात नाहीत. त्यासाठी विहिरीचं आणि बोअरचं पाणी वेगळं तपासावं लागतं, आणि ते तपासून घ्यायचा गावाला हक्क आहे. पंचायतीनं तसा ठराव करून नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला पाठवावा, यासाठी मी आग्रह धरते.

यंदाचं काम ठरलं आहे. पोळ्याच्या आसपास, विसर्जनाच्या आधी, एकाच डोहातले एकाच मापाचे कॉर्बिक्युला तीन जाळ्यांत भरायचे. एक जाळी विसर्जनाच्या जागेच्या वर, एक खाली आणि एक त्या मूळ डोहातच. पुराच्या लोंढ्याला टिकतील अशा दोऱ्या भोई काका वळून देणार आहेत. दिवाळीनंतर जाळ्या काढायच्या. कोणत्या बाभळीला कुठली जाळी बांधली याची नोंद साखऱ्याची पोरं ठेवतील, आणि पाणी चढलं की दोऱ्या सैल करायचं कामही त्यांचंच.